ट्रिगर गार्ड घरी बदलायचा? आधी ट्रिगर कशाला टांगलाय ते बघा

भुदरगड तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय ते थोडक्यात असं. घरात दोन रायफली आहेत. एक वडिलांच्या नावावरच्या परवान्याची, पीक राखणीसाठी घेतलेली जुनी .315. तिच्या ट्रिगर गार्डला गंजानं खड्डे पडलेत आणि तो एका बाजूला थोडा दबलाय. दुसरी मुलीच्या सरावाची, नळी सांध्यात खाली वाकवून (‘मोडून’) ताणायची स्प्रिंगची 4.5 मिमी एअर रायफल. तिचा प्लास्टिकचा गार्ड मागच्या स्क्रूजवळ चिरलाय. ऑनलाइन ॲल्युमिनियमचे, मोठ्या तोंडाचे, रंगीत गार्ड दिसतात. दोन्ही घरी बसवता येतील का, स्क्रू किती आवळायचा आणि काही बिघडू शकतं का?

एअर रायफलीचा बसवा, निवांत बसवा. .315 ला घरी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लावू नका. दोन्हीकडं वरवर एकच पट्टी वाकवून लावल्यासारखी दिसते, मग एकाला हो आणि दुसऱ्याला नको का, हे जरा सविस्तर सांगतो.

ट्रिगर गार्ड म्हणजे बोट, बाही, पट्टा किंवा झुडपाची काटकी चुकून ट्रिगरला लागू नये म्हणून लावलेली कडी. लोक तेवढंच धरून चालतात आणि तिथंच फसतात. बऱ्याच रायफलींत हा गार्ड आणखी एक-दोन कामं करत असतो. त्याच्यातून जाणारे स्क्रू वरच्या लोखंडी बॉडीला लाकडी दस्त्याशी बांधून ठेवतात. काहींत ट्रिगर स्वतःच गार्डला टांगलेला असतो. म्हणून गार्ड बदलायचा म्हटला की मी आधी रायफल उलटी करून एवढंच बघतो: ट्रिगरची पिन कुठं आहे? बॉडीत, की गार्डमध्ये?

.315 चं घराणं इंग्रजी फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात फौजेसाठी या रायफली बनत होत्या, आणि आपल्याकडच्या .315 ची बांधणी त्यातूनच आली. त्या मूळ रचनेत ट्रिगर गार्डमध्ये पिननं बसवलेला आहे आणि सीयर, म्हणजे कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचा, सुटला की गोळी उडवणारा तुकडा) अडवून धरणारा भाग, वर बॉडीत आहे. मधे दस्त्याचं लाकूड. म्हणजे ट्रिगर एका भागावर, सीयर दुसऱ्या भागावर, आणि दोघांमधलं अंतर ठरवणार लाकूड आणि पुढच्या स्क्रूभोवतीची छोटी नळी, जिला कॉलर म्हणतात. लाकूड फुगलं की ट्रिगरची ओढ, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, बदलते, सुकलं की पुन्हा बदलते. इंग्रजांनाही हे जाचलं होतं. पुढं नंबर 4 मार्क 2 या नंतरच्या नमुन्यात त्यांनी ट्रिगर गार्डवरून काढून थेट बॉडीला टांगला.

आता विचार करा. भुदरगड, राधानगरी, गगनबावड्याकडचा पाऊस. चार महिने घरात भिंतीला हात लावला तरी ओल लागते. मृगात रायफलीचा ट्रिगर एक वागतो आणि मार्चमध्ये दुसरंच वागतो, अशी तक्रार तिकडून येते तेव्हा लोकांना वाटतं स्प्रिंग गेली. स्प्रिंगला काही झालेलं नसतं, मधलं लाकूड हललेलं असतं. आणि अशा रायफलीला तुम्ही बाहेरचा गार्ड लावणार, ज्यात पिनचं भोक मूळ जागेपासून अर्धा मिलिमीटर जरी वर असलं तरी ट्रिगरच्या पाठीवरचे उंचवटे सीयरला भिडायची जागा सरकते. या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला हलका, दुसरा जड, साधारण अडीच किलोच्या आसपास. गार्डची पातळी बदलली की पहिला टप्पा नाहीसा होतो, किंवा ट्रिगर सीयरला आधीपासून टेकूनच राहतो. मग सीयरची पकड नखाएवढी उरते. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मागं-पुढं सरकणारा दांडा) जोरात पुढं ढकलला किंवा बट जमिनीवर आपटला की कॉकिंग पीस सुटू शकतो. काडतूस आत असलं तर पुढं काय होईल हे सांगायला नको.

हे जुळवायचं काम ज्याच्या हाताला ओढ कळते त्याचंच. त्याला कॉलरची लांबी घासावी किंवा नवी करावी लागते, गार्ड लाकडात किती खोल बसतो ते बघावं लागतं, ट्रिगरचे उंचवटे तपासावे लागतात. उंचवट्यांवर दोन जादा घास बसले तर तो ट्रिगर बाद.

कायद्याचंही बघा. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये अग्निशस्त्राचे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात, आणि अग्निशस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं याला वेगळा परवाना लागतो. तुमच्या वडिलांकडं आहे तो बाळगायचा परवाना. आणि तोही वडिलांचा, तुमचा नव्हे. त्यामुळं ते घरात नसताना तुम्ही रायफल खोलून बसलात तर चौकशीत सांगायला तोंड राहणार नाही. बाहेरच्या देशातून पार्सलनं भाग मागवलात तर आयातीचा प्रश्न आणखी वेगळा.

इथं एक कोल्हापुरी नाद आडवा येतो. आपल्याकडं उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी आहे. तुटका भाग नेऊन टेबलावर ठेवला की दुपारपर्यंत तसाच दुसरा हातात देणारे गडी आहेत. ट्रॅक्टरचा असो, उसाच्या चरकाचा असो. ‘एक जॉबच तर आहे, सीएनसीवर ठोकळ्यातून काढून देतो’ असं कुणी म्हणेल, आणि खरंच उत्तम काढून देईल. पण .315 च्या बाबतीत त्या बिचाऱ्याला तुम्ही विनापरवाना शस्त्राचा भाग बनवायला लावताय. करू नका. वडिलांना परवान्यासह बरोबर घ्या, दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक दुकानदाराकडं जा, रायफल ठेवून घेतली तर अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. शक्य असेल तर नवा गार्ड न लावता जुनाच सरळ करून, घासून, परत काळा करून मागा. खड्डे दिसायला वाईट दिसतील, पण त्या गार्डची पिन मूळ जागी आहे. मला विचाराल तर या रायफलीसाठी हेच खरं उत्तर.

त्या खड्ड्यांबद्दल एक. ते बहुतेक वेळा स्क्रूच्या खाचेजवळ आणि गार्डच्या आतल्या वळणात असतात. खंडेनवमीला रायफल पाटावर ठेवायची, पाणी शिंपडायचं, हळदी-कुंकू लावायचं आणि तशीच परत गुंडाळून कपाटात. ओलं कुंकू खाचेत बसतं आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ओल धरून ठेवतं. पूजा जरूर करा, पण त्याच संध्याकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशनं खाचा कोरड्या करा आणि बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते कालांतरानं चिकट होऊन बसतं.

आता एअर रायफल. स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हा कांबळवाडीचं नाव देशभर झालं. तेजस्विनी सावंतचं 2010 मधलं म्युनिकचं विश्वविजेतेपद तर त्याच्या कितीतरी आधीचं. आपल्या जिल्ह्यात पोरीनं एअर रायफल मागितली तर आता कुणाला नवल वाटत नाही. 4.5 मिमी, म्हणजे .177 व्यासाची आणि 20 ज्युलपर्यंत ताकदीची एअर रायफल असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखपत्र देऊन दुकानाच्या नोंदीत नाव घालावं लागतं, तेवढंच. तेव्हा हिचा गार्ड तुम्ही घरी बदलू शकता.

इंग्रजी व्हिडिओ बघून सुरुवात करू नका. त्यात बहुतेक वेळा अमेरिकन काळी एआर रायफल असते. तिचा गार्ड पुढं दाबाच्या खिळीनं आणि मागं पोकळ पिननं अडकतो, आणि पिन ठोकताना खालून आधार दिला नाही तर बॉडीचा कान तुटतो, म्हणून ते लोक एवढे सावध असतात. ती रायफल आपल्याकडं साध्या परवान्यावर मिळतही नाही. मोठ्या तोंडाचा गार्डही तिकडचीच सोय. बर्फात हातमोजे घालून बोट आत घालायला तो बनवलेला. कोल्हापुरात तशी थंडी पडत नाही. उलट तोंड जेवढं मोठं तेवढी बाही आणि पट्टा आत शिरायला जागा जास्त. मुलीसाठी मूळ मापाचाच घ्या. रंग हवा तो घ्या.

स्प्रिंगच्या रायफलीला हात लावायच्या आधी ती ताणलेली नाही याची खात्री करा. नळी मोडून बघा, आत पेलेट, म्हणजे छर्रा, नाही ना ते बघा, परत बंद करा. ताणलेली असेल तर आधी सुरक्षित मातीच्या बांधात पेलेट घालून एक शॉट सोडा. ताणलेल्या अवस्थेत दस्ता सोडवायचा नाही, मधे बोट घालायचं नाही. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा आणि टेबलावर एकटेच बसा. शेजारचं पोरगं ‘काका, बघू’ म्हणत आलं तर त्याला चहा आणायला पाठवा.

दस्त्याला साधारण चार स्क्रू असतात. पुढं दोन्ही बाजूंना एकेक, आणि खाली गार्डचे दोन. गार्डचा पुढचा स्क्रू बहुतेक मॉडेलांत नुसता गार्ड धरत नाही, तो वरच्या लोखंडी सिलिंडरला दस्त्याशी खेचून ठेवतो. मागचा काहींत तसाच असतो, काहींत साधा लाकडात जाणारा. म्हणजे गार्ड चिरल्यापासून तुमच्या मुलीचे छर्रे पसरत असतील तर खापर तिच्या हातावर फोडू नका. तो पुढचा स्क्रू सैल झालेला असण्याची शक्यता दांडगी आहे.

स्क्रू ड्रायव्हरची गंमत सांगतो, कारण निम्म्या रायफली इथंच विद्रूप होतात. घरातला साधा ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो. खाचेत तो फक्त वरच्या कडेला धरतो, जोर दिला की वर सरकतो आणि खाचेच्या कडा उचकटतो. बंदुकीच्या स्क्रूला समांतर बाजूंचं टोक लागतं, खाचेच्या पूर्ण रुंदीचं आणि तळाला टेकणारं. विकत मिळतं. नाही मिळालं तर जुना चांगल्या पोलादाचा ड्रायव्हर ग्राइंडरवर पाण्यात बुडवत बुडवत त्या मापाला घासून घ्या. उद्यमनगरात हे काम कुणीही हसत करून देईल, आणि हे मात्र बिनधास्त करून घ्या. तुमच्या रायफलीला षटकोनी खाच असेल तर हा त्रास नाही, फक्त चावी झिजलेली नको.

स्क्रू जाम असेल तर जोर लावायचा नाही. भेदक तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. तरी नाही सुटला तर सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, आजूबाजूचं प्लास्टिक आणि लाकूड मात्र सांभाळा. गरम होऊन परत गार झाला की गंजाची पकड सुटते.

काढताना कुठला स्क्रू कुठला ते नीट ठेवा. पुढचा आणि मागचा दिसायला जुळे असले तरी लांबी वेगळी असते. एका जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर रायफलीचं चित्र काढून त्याच जागी भोकं पाडून स्क्रू खोचले की भानगडच नाही. आणि गार्ड काढल्यावर उत्साहाच्या भरात बॉडीतल्या आडव्या पिना ठोकायला जाऊ नका. काही मॉडेलांत दस्त्याच्या भिंतीच त्या पिनांना आत धरून ठेवतात. ट्रिगरचा ठोकळा धरणाऱ्या पिना सुटल्या तर मागं दाबून बसवलेली मुख्य स्प्रिंग उसळून बाहेर येते. छातीत बसली तर बरगडी मोडेल अशा ताकदीची असते ती. गार्डचे दोन स्क्रू, बस्स.

नवा गार्ड मागवण्याआधी व्हर्नियरनं दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, पट्टीची जाडी मोजा, रुंदी मोजा. अंतरात थोडी तफावत निघाली तर मागचं भोक कानशीनं किंचित लांबट करून चालतं. पुढच्या भोकाला हात लावायचा नाही. जाडीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. प्लास्टिकची पट्टी जाड होती आणि ॲल्युमिनियमची पातळ आली, तर तोच स्क्रू आत दोन-तीन आटे जास्त जाईल आणि टोक ट्रिगरच्या भागांना किंवा सिलिंडरला टेकेल. बोल्ट रायफलींत तर लांब स्क्रूचं टोक थेट बोल्टला अडतं आणि मालक महिनाभर बोल्टला तेल पाजत बसतो. म्हणून पुढचा स्क्रू आधी गार्डशिवाय हातानं फिरवून किती आटे पुरतात ते मोजा, मग गार्डसकट. जास्त जात असेल तर टोक घासून कमी करा, डोक्याखाली वॉशरची चळत रचू नका.

अजून एक बारीक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. निमुळत्या डोक्याच्या स्क्रूचा कोन दोन प्रकारचा असतो. मेट्रिक स्क्रूचा 90 अंश, अमेरिकन मापाचा 82. बाहेरच्या गार्डमधला, स्क्रूचं डोकं बसायचा खड्डा 82 चा आणि तुमचा स्क्रू 90 चा असेल, तर डोकं खड्ड्यात पूर्ण न बसता फक्त वरच्या कडेच्या रिंगणावर टेकतं. आवळताना घट्ट वाटतं आणि पन्नास शॉटनंतर सैल. डोक्याला काजळाचं बोट लावून एकदा बसवा आणि काढा. खड्ड्यात काळं सगळीकडं लागलं तर कोन जुळला, नुसती एक रेघ उठली तर नाही. मग मात्र लेथवर ते खड्डे दुरुस्त करून घ्या.

काजळाचा दुसरा उपयोग दस्त्याच्या खाचेत गार्ड नीट टेकतोय का ते बघायला. गार्डच्या आतल्या बाजूला पुसटसं लावा, खाचेत दाबा, काढा. जिथं लाकडावर डाग उठेल तिथं उंचवटा आहे. तेवढंच बारीक पॉलिश पेपरनं उतरवा आणि परत बघा. हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, कंटाळवाणं आहे. त्याला पर्याय म्हणून लोक स्क्रू आवळून गार्ड ओढून बसवतात. तसा बसतो, पण वाकून बसतो, आणि तो ताण दस्त्याच्या लाकडात राहतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तिथंच चीर पडते.

बसवताना रायफल बटावर उभी धरा म्हणजे वरचं लोखंड आपल्या वजनानं मागं टेकेल. पुढचा स्क्रू आधी, मग मागचा, मग बाजूचे, सगळे नुसते टेकेपर्यंत. मग त्याच क्रमानं आवळा. किती? रायफलीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच. नसेल तर साध्या लाकडात दोन ते तीन न्यूटन-मीटर पुरे. दस्त्यात धातूच्या नळ्या बसवलेल्या बोल्ट रायफलींना सातपर्यंतही आवळतात, ते आकडे वाचून इकडं लावू नका. टॉर्कचा पान्हा नसेल तर छोट्या मुठीच्या ड्रायव्हरला तीन बोटांनी जेवढा जोर बसतो तेवढाच. मनगट वळवायचं नाही.

स्प्रिंग रायफल दोन्हीकडं झटका देते, त्यामुळं स्क्रू सैल व्हायची तिची जातच आहे. आट्यांना निळ्या रंगाचा लॉकिंग द्रव एक थेंब लावा. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि दस्ता प्लास्टिकचा असेल तर हा द्रव त्यावर सांडू देऊ नका, काही प्लास्टिक त्यानं तडकतं. मागचा स्क्रू लाकडातला असेल तर त्याला द्रव नाही, मेणबत्तीवर एकदा घासा आणि बसवा. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथं टेकतात तिथं घामानं पांढरी पूड धरते, म्हणून स्क्रूच्या डोक्याखाली ग्रीसचा अगदी थोडा हात.

आता ट्रिगर. गार्डच्या फटीत तो दोन्ही बाजूंना मोकळा असला पाहिजे. पोस्टकार्डाच्या कागदाची पट्टी ट्रिगर आणि फटीच्या कडेच्या मधून अडखळत नाही ना ते दोन्हीकडं बघा. कुठं घासत असेल तर घासायचं गार्डला, ट्रिगरला कधीही नाही. रायफल न ताणता ट्रिगर हलक्या बोटानं मागं-पुढं करा. सोडल्यावर तो स्वतःहून झटक्यात पुढं आला पाहिजे. रेंगाळत आला तर गार्ड कुठंतरी टेकतोय. सेफ्टीचा खटका गार्डच्या पुढच्या बाजूला असेल तर तो पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं जातो का तेही बघा. नव्या गार्डची वळणाची त्रिज्या वेगळी असली की तो अर्ध्यात अडतो, आणि अर्ध्यात अडकलेली सेफ्टी नसलेल्या सेफ्टीपेक्षा वाईट.

पुढची चाचणी रिकामी करू नका. स्प्रिंगच्या रायफलीत पेलेट नसताना सोडलं की पिस्टन समोर धडकतो आणि सील फाटतं. रेंजवर जा. पेलेट घाला, नळी मातीकडं, सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, सोडा. मग बोट बाहेर ठेवून सेफ्टी काढा. काही सुटलं नाही तर ठीक. मग शॉट सोडा. असं दोन-चारदा. त्यानंतर पाच-पाचचे गट मारून बघा. दस्त्याचे स्क्रू हलले की रायफलीचा मारा थोडा सरकतो, त्यामुळं साइट परत जुळवावी लागेल. हे मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून उभं राहायची ढब बदलत बसेल. दुसऱ्या दिवशी आणि साधारण एक डबा पेलेट संपल्यावर स्क्रू एकदा तपासा. हलला नसेल तर पुन्हा आवळू नका.

जुना चिरलेला गार्ड टाकू नका. नव्याचं भोक, कोन किंवा जाडी चुकली तर माप घ्यायला तोच लागेल, आणि नवा बदलून येईपर्यंत मागून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी चिकटवून सरावापुरता चालून जाईल. .315 दुकानात न्यायच्या आधी मात्र मॅगझीन काढून, बोल्ट उघडून, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, नजर टाकून आणि करंगळी घालून वडिलांना स्वतः तपासायला सांगा. काडतुसं घरीच कुलपात.